वाड्याची दुरुस्ती: कागदापासून चुन्यापर्यंत

वाडा वाचवायचा ठरला की पहिला फोन बहुधा गवंड्याला जातो, नाहीतर रंगाऱ्याला. दोघंही लागतातच, पण त्यांची वेळ बरीच नंतर येते. आम्ही वाड्यांची कामं करतो ती एका ठरलेल्या क्रमाने: कागद, मोजमाप, पाणी, लाकूड, भिंत आणि अगदी शेवटी रंग. क्रम चुकला की झालेलं काम दोन पावसाळ्यांत उकरावं लागतं. छप्पर गळत असताना केलेला गिलावा फुगतो, ओल्या भिंतीवरचा रंग पापुद्र्याने निघतो आणि हिस्से मिटायच्या आधी सुरू केलेलं काम एका तक्रारअर्जावर थांबतं.

तर आधी कागद. शहरात असाल तर नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा. गावठाणात असाल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि गावठाणाची मोजणी झाली असेल तर सनद. पत्रकावरची निम्मी माणसं हयात नसतात आणि वारस नोंद राहून गेलेली असते. ती आधी पुरी करा. दुरुस्तीच्या अर्जाला सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या किंवा परगावी असलेल्यांचं कुलमुखत्यारपत्र लागतं. भाडेकरू असतील तर त्यांच्याशी लेखी ठरवा: कोणती खोली किती काळ रिकामी हवी आणि काम झाल्यावर तीच खोली, तेवढ्याच क्षेत्रफळाची, परत मिळणार. हे कागदावर नसेल तर भाडेकरू खोली सोडत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकतं असंही नाही.

मग वाडा कुठल्या यादीत आहे ते बघायचं. केंद्र सरकारचा प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८चा, राज्याचा १९६०चा. या दोन्हींत घोषित स्मारकं येतात. राहती घरं त्यांत क्वचितच सापडतात. पण वाड्याशेजारी केंद्रसंरक्षित स्मारक असेल तर २०१०च्या दुरुस्तीनंतरचा नियम लागतो: स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. प्रतिबंधित पट्ट्यात नवं बांधकाम होत नाही, मात्र आधीपासून उभ्या असलेल्या घराच्या दुरुस्तीला परवानगी मिळू शकते. ती न घेता परांची बांधली तर काम थांबवण्याची नोटीस येते. तिसरी यादी महापालिकेची वारसा यादी. मुंबईत १९९५च्या वारसा नियमावलीने ही पद्धत बसवली आणि पुढे इतर शहरांनी ती आपापल्या विकास नियमांत आणली. पहिल्या श्रेणीच्या वास्तूत आतबाहेर फारसा बदल करता येत नाही, दुसरीत आतले बदल आणि नवा वापर विचारात घेतला जातो, तिसरीत त्याहून मोकळीक असते. आपल्या शहराचे शब्द आणि उपश्रेणी तिथल्या नियमावलीतूनच वाचाव्यात, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

यादीत नाव आलं म्हणजे सरकारने वाडा घेतला, ही भीती सगळीकडे भेटते. मालकी मालकाकडेच राहते. बदल करण्याआधी वारसा समितीचा अभिप्राय लागतो, एवढंच. उलटी समजूतही तितकीच पसरलेली आहे, की यादीत आलं म्हणजे दुरुस्तीला पैसे आले. तसंही नसतं. काही शहरांत वारसा वास्तूला न वापरलेलं बांधकाम क्षेत्र विकासहक्काच्या रूपाने विकता येतं, पण तो व्यवहार लांबतो. त्याच्या भरवशावर छप्पर उघडून ठेवू नये.

ज्या वाड्याला धोकादायक इमारतीची नोटीस आलेली असते त्याची घाई वेगळी. मुंबई सोडून इतर महापालिकांच्या हद्दीत ही नोटीस महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली येते आणि संरचना तपासणीनंतर इमारत सी-१, सी-२अ, सी-२ब किंवा सी-३ या वर्गांपैकी एकात टाकली जाते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडणे. सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२ब म्हणजे राहते ठेवून संरचनात्मक दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. इथे वाड्यांचं सगळ्यात मोठं नुकसान होतं आणि ते तांत्रिक अज्ञानातून होतं. तपासणी करणारा अभियंता काँक्रीटच्या इमारतींना सरावलेला असतो. तो रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणी घेऊन येतो. या दोन्ही चाचण्या काँक्रीटसाठी आहेत. मातीच्या सांध्यांतल्या चपट्या विटांच्या भिंतीवर त्यांचे आकडे काही सांगत नाहीत. आकडे कमी आले की अहवालात सी-१ लिहून मोकळे. म्हणून तपासणीआधीच संवर्धनाचा अनुभव असलेला संरचना अभियंता धरा आणि त्याच्या अहवालात लाकडी सांगाडा आणि भिंत यांचा स्वतंत्र विचार असेल असं बघा. वाड्यात वरच्या मजल्यांचा बराचसा भार खांब आणि तुळया घेतात. भिंत वाकडी आहे म्हणजे घर पडायला आलं असं होत नाही. खांबाचं बूड कुजलं असेल तर मात्र भिंत सरळ दिसत असूनही धोका असतो.

पुण्यात पेशवे दप्तराचं पुरालेखागार आहे. वाडा त्या काळातला असेल तर इनाम, वतन, खरेदीखत यांत त्याचा उल्लेख सापडू शकतो. कागद मोडीत असतात, वाचणारा शोधावा लागतो. समितीपुढे जाताना याचा उपयोग होतो, पण त्यासाठी दुरुस्ती अडवून ठेवू नका. घराचं वय घरच बऱ्यापैकी सांगतं: विटेची जाडी, खांबावरची सुरूच्या झाडासारखी कोरीव नक्षी, कडीपाटाची (लाकडी कड्या आणि त्यांवरच्या पाटांच्या तक्तपोशीची) घडण, जोत्याच्या दगडांची ताशीव.

मोजणीला लोक कंटाळतात. वाड्याच्या खोल्या काटकोनात नसतात, म्हणून चार भिंती मोजून भागत नाही. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजावे लागतात. लेझरने मोजा, पण भिंतीचा कल बघायला ओळंबा आणि मजल्याची पातळी बघायला पाण्याची पारदर्शक नळी यांच्याइतकं भरवशाचं काही नाही. नकाशे १:५० प्रमाणात, कोरीव खांब, हस्त (खांबाच्या माथ्याशी तुळईला दिलेले आधार) आणि दरवाजाच्या चौकटी १:१० किंवा १:५ प्रमाणात. प्रत्येक खांबाला क्रमांक द्या. हे खांब तळखड्यावर, म्हणजे बुडाखालच्या घडीव दगडावर, उभे असतात आणि दोन खांबांतल्या अंतराला खण म्हणतात. जुन्या कागदांतही घर 'इतक्या खणांचं' असंच लिहिलेलं असतं, त्यामुळे क्रमांक खणाप्रमाणे दिले की जुन्या नोंदींशी ताळा लागतो. दरवाजे, खिडक्या, कोनाडे, कड्या-कोयंडे सगळ्यांची नोंद छायाचित्रासह हवी. काम सुरू झालं की उतरवलेली नक्षीची फळी कुठली हे कुणालाच आठवत नाही. फळीच्या मागच्या बाजूला खडूने लिहू नका, पुसतो. पत्र्याची छोटी चकती ठोकून तिच्यावर क्रमांक कोरा.

भेगांची नोंद वेगळी. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्टीलचा खिळा चुन्यात बसवून त्यांतलं अंतर व्हर्नियरने मोजून तारखेसह लिहायचं. एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या. अंतर ऋतूप्रमाणे कमीजास्त होऊन परत मूळ जागी येत असेल तर ती भेग श्वास घेते आहे, भरून टाका. एकाच दिशेने वाढत असेल तर पायाचा किंवा ओलीचा प्रश्न आहे, आणि तो सुटायच्या आत भेग भरली तर ती शेजारी नव्याने उघडते.

आता पाणी. जुन्या घराचं बाकी सगळं दुखणं इथूनच निघतं, असं म्हटलं तरी फार चुकत नाही. १९६१ साली पानशेतचं धरण फुटलं तेव्हा पुण्यात नदीकाठच्या पेठांतले वाडे मोठ्या संख्येने बसले. प्रवाहाचा जोर हे कारण होतंच, पण मातीच्या सांध्याची भिंत भिजत राहिली की तिची माती मऊ होऊन विटा सुट्या होतात, हेही होतं. तेच काम गळका नळ दहा वर्षं घेऊन करतो.

छपरापासून सुरुवात करायची. कौलं सगळी उतरवायची आणि एकेक वाजवून बघायची. खणखणीत वाजलं ते ठेवायचं, भद्द वाजलं ते बाजूला. नाळीची कौलं असतील तर तशीच मिळवावी लागतात, म्हणून आसपासची जुनी घरं उतरत असतील तिथून आधीच गोळा करा. मंगलोरी कौलांना छपराचा उतार साधारण २५ ते ३० अंश लागतो. कमी उतारावर वाऱ्याचा पाऊस कौलाखाली उलटा शिरतो आणि लोक दोष कौलाला देतात. वासे आणि रिपा तपासून बदलायच्या. दोन पाखांच्या मधली पन्हळ मात्र दर वेळी नवी करावी. तिची रुंदी एक फुटाच्या खाली नको, पत्रा कौलाखाली दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच शिरलेला हवा आणि पाणी वाहतं त्या रेषेत एकही खिळा नको. चौकात उतरणारं पाणी पन्हळीतूनच उतरतं आणि तिच्याखालीच घरातली सगळ्यात लांब तुळई असते. बहुतेक वाड्यांत कुजलेली पहिली तुळई ही पन्हळीखालचीच निघते.

कौलं काढून स्लॅब टाकण्याचा सल्ला कुणीतरी देतंच. चार इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला सुमारे अडीचशे किलो. कौलारू छप्पर लाकडासकट त्याच्या तिसऱ्या हिश्शात बसतं. ते जास्तीचं वजन मातीच्या भिंतीवर येतं आणि भूकंपात ते डोक्यावर असतं. स्लॅब नको.

जमिनीवरचं पाणी जास्त अवघड, कारण त्यातलं निम्मं घराबाहेरून येतं. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा थर चढतो, आधीचा कुणी खरवडत नाही, आणि जोतं हळूहळू रस्त्याखाली जातं. एके काळी तीन पायऱ्या चढून जावं लागे त्या दिंडी दरवाजातून आता पाणी आत उतरतं. नवं डांबर टाकण्याआधी जुनं खरवडून काढण्याची लेखी मागणी प्रभाग कार्यालयात द्या. शक्यतो गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून द्या. एकट्याच्या अर्जाला कुणी विचारत नाही. घराभोवती चर घ्यायचा असेल तर तो पायाच्या तळापेक्षा खोल जाता कामा नये. वाड्यांचे पाये उथळ निघतात आणि खोल चर खणला की पायाखालची मातीच सुटते. चर खडीने भरा, तळाला शंभरास एक उतार द्या आणि भिंतीलगत सिमेंटची फरशी करू नका. फरशीखाली अडकलेली ओल भिंतीतून वर चढायला मोकळी होते. घुशींची बिळं या चरातच सापडतात, ती दगड आणि चुन्याने बुजवा.

माडीवर नंतर काढलेले संडास-मोऱ्या हा तिसरा स्रोत. शक्य असेल तर त्या खाली, मागच्या अंगणात हलवा. नसेल तर नळ आणि सांडपाण्याचे पाइप भिंतीच्या बाहेरून, दिसतील असे न्या. पोटात गेलेला पाइप कधी गळायला लागला ते भिंतीला ओल फुटल्यावरच कळतं.

ओल थांबली म्हणजे भिंत लगेच वाळली असं नाही. ठोकताळा असा की जाड भिंत महिन्याला साधारण एक इंच वाळते. दीड फुटाच्या भिंतीला त्या हिशेबाने वर्षाहून जास्त लागतं. म्हणून आम्ही पहिल्या हंगामात छप्पर आणि पाणी उरकतो, लाकडाचं काम पावसाळ्यातही चालू ठेवतो आणि गिलाव्याला हात दुसऱ्या हंगामात, दिवाळीनंतर लावतो. मालकाला हे वेळापत्रक पहिल्याच बैठकीत सांगावं.

लाकूड बघायला सुआ आणि हलकी हातोडी पुरते. खांबाचं बूड, तुळईची भिंतीत गेलेली टोकं, कडीपाटाचा भिंतीलगतचा पाट, जिन्याची खालची पायरी: इथे सुआ टोचायचा. चांगलं सागवान सुआ आत घेत नाही. अर्धा इंच सहज गेला तर आत कूज आहे. ओलावामापकाने २० टक्क्यांच्या वर आकडा आला तर बुरशीला पोषक स्थिती आहे, आणि पाणी अजून कुठूनतरी येत आहे. तुळईचं टोक कुजलं असेल तर पूर्ण तुळई बदलायची नसते. कूज संपून पुढे चांगल्या लाकडात जाईपर्यंत कापायचं आणि जुन्याच सागाचा तुकडा तिरक्या जोडाने बसवायचा. जोडाची लांबी तुळईच्या उंचीच्या निदान तीनपट, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. साधं लोखंड गंजून फुगतं आणि लाकूड चिरतं. नवं टोक भिंतीत घालताना दोन्ही बाजूंना आणि टोकाशी बोटभर पोकळी सोडा. जुन्या सुतारांचे कुसू आणि खाचा एवढ्या नेमक्या असतात की जोड उघडताना जोर लावायचा नाही. लाकडी खुंटी सापडते, ती उलट्या बाजूने ठोकली की जोड आपोआप सैल होतो.

तुळई उचलण्याआधी धिरे द्यावे लागतात. माडीच्या तुळईचा धिरा माडीच्या जमिनीवर टेकवला तर तो पाट फोडून खाली जातो. धिऱ्याखाली धिरा, असं थेट तळमजल्याच्या जमिनीपर्यंत भार न्यायचा आणि खाली जाड फळी घालायची. जॅकने उचलायचं ते मिलिमीटरच्या हिशेबाने. दीडशे वर्षं वाकलेली तुळई पूर्ण सरळ करायच्या फंदात पडू नका. दारं, गिलावा, वरचा मजला यांनी त्या बाकाशी जुळवून घेतलेलं असतं आणि सरळ केल्यावर दुसरीकडे भेगा येतात. वाळवीसाठी उघड्या लाकडाला बोरेटचं द्रावण दोन-तीन हात. जमिनीतली वाळवी वेगळी. तिची प्रक्रिया परवानाधारकाकडून करून घ्या आणि चौकात वापरातली विहीर किंवा आड असेल तर तसं त्याला आधी सांगा.

आणि चुना. वाड्यातलं सगळ्यात जास्त चुकणारं काम हेच. गवंड्याला सिमेंट येतं, चुना येत नाही, आणि 'थोडं सिमेंट घातलं तर काय बिघडतं' असं विचारलं जातं. बिघडतं ते असं. जुनी वीट आणि माती ओल घेतात आणि सोडतात. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट जाऊ देत नाही. ओल सिमेंटमागे साठते, तिच्यातले क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली स्फटिक होतात आणि वीट आतून भुगा होत जाते. बाहेरून गिलावा शाबूत दिसतो, ठोकला की पोकळ वाजतो, आणि पडतो तेव्हा विटेची पाठ घेऊनच पडतो. ज्याला लोणा म्हणतात तो सिमेंटमुळे तयार होत नाही, पण सिमेंटमुळे भिंतीला तो बाहेर टाकता येत नाही.

आधी जुना चुना तपासा. पडलेल्या गिलाव्याचा मूठभर तुकडा कुटून, वाळवून, वजन करून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाका. चुना विरघळतो, रेती आणि सुरखी (विटेची पूड) उरते. गाळून, धुऊन, वाळवून परत वजन केलं की प्रमाण कळतं आणि उरलेल्या रेतीवरून दाण्यांचा आकार आणि रंगही कळतो. रेतीत शंखशिंपल्यांचा चुरा असेल तर तोही आम्लात विरतो आणि हिशेब फसतो. किनारपट्टीवरच्या घरांत हे लक्षात ठेवा.

चुनकळी, म्हणजे भट्टीतून आलेला न विझवलेला चुना, ताजी घ्यायची. खडे हलके आणि कोरडे हवेत. हवा लागून पीठ झालेली घेऊ नका, तिचा जोर गेलेला असतो. हौदात आधी पाणी, मग चुनकळी. कळीच्या मापाने तिप्पट पाणी. कळीवर पाणी ओतलं तर ती उसळून अंगावर येते. पाणी उकळतं, म्हणून प्लास्टिकची बादली नाही, झाकलेलं भांडं नाही, आणि चष्मा व हातमोजे घातल्याशिवाय कुणी हौदाजवळ नाही. डोळ्यात गेलेला चुना दृष्टी घालवू शकतो. स्वच्छ पाण्याची बादली शेजारी भरून ठेवा. विझलेला चुना बारीक जाळीतून दुसऱ्या हौदात गाळायचा. न विझलेले कण राहिले तर ते भिंतीत गेल्यावर महिन्यांनी विझतात, फुगतात आणि गिलाव्यावर पुळ्या येऊन खड्डे पडतात. गाळलेल्या चुन्यावर चार बोटं पाणी कायम ठेवून निदान महिनाभर मुरू द्या, शेवटच्या हातासाठी त्याहून जास्त. मुरलेला चुना लोण्यासारखा थापीवर धरून राहतो.

प्रमाणाबद्दल लोक वाद घालतात, पण ते घरच्या घरी काढता येतं. एका मापात कोरडी रेती गच्च भरा आणि पाणी रेतीच्या वर येईपर्यंत मोजून ओता. चांगल्या मिश्र दाण्यांच्या रेतीत मापाच्या एक तृतीयांश पाणी बसतं. ती रिकामी जागा चुन्याने भरायची असते, म्हणून एक भाग चुन्याला तीन भाग रेती. पाणी जास्त बसलं तर रेती एकाच आकाराची आहे, त्यात बारीक-जाड मिसळा. खडीची कृत्रिम रेती चालते, फक्त तिच्यातली धूळ धुऊन काढा. काचेच्या बाटलीत रेती आणि पाणी हलवून रात्रभर ठेवा. वर बसलेला गाळ रेतीच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जास्त दिसला तर ती रेती नको. ओलीशी संबंध येणाऱ्या जागी, म्हणजे जोतं, मोरी, गच्ची, तिथे रेतीचा काही भाग काढून सुरखी घालायची. ती कमी भाजलेल्या मऊ विटेची हवी. जास्त भाजून काळी पडलेल्या विटेची पूड चुन्याशी धरत नाही, ती नुसती रेतीसारखी वागते.

मिश्रण चुना दळायच्या घाणीत किंवा रोलरच्या चक्कीत वीस-तीस मिनिटं दळायचं. काँक्रीटच्या ड्रम मिक्सरमध्ये चुन्याचे गोळे होतात. गूळपाणी, हिरडा, बेल, उडीद यांच्या पाककृतींवर लोक फार बोलतात. गूळ आणि हिरडा आम्हीही वापरतो. चुना कामाला सोपा होतो आणि हळू वाळतो. गूळ जास्त झाला तर मुंग्या आणि बुरशी. पण उडदाच्या डाळीने गिलावा टिकला आणि तिच्याशिवाय पडला असं आम्ही पाहिलेलं नाही. पडतात ते गिलावे न भिजवलेल्या भिंतीवर लावलेले, एकाच हातात जाड चढवलेले आणि उन्हात उघडे सोडलेले.

लावताना आधी सांधे खोल करायचे, साधारण एक इंच, छिन्नी आणि हातोडीने. ग्राइंडर नको, वाड्याच्या चपट्या विटांचा सांधा फार बारीक असतो आणि चकती विटांच्या कडा खाऊन टाकते. भिंतीला पोट आलं असेल तर आतली माती वाहून गेलेली असते. तिथे बारीक भोकं पाडून चुन्याचं पातळ मिश्रण नुसत्या उंचीच्या दाबाने, खालून वर, थोडं थोडं भरायचं. पंपाचा दाब दिला तर पोट फुटतं. मग भिंत आदल्या संध्याकाळी आणि कामाआधी भिजवायची. ओली हवी, पाणी गळणारी नको.

एका हाताची जाडी अर्ध्या इंचाच्या आत. दुसरा हात कधी द्यायचा त्याची परीक्षा सोपी: बोटाने दाबून खड्डा पडू नये, पण नखाने रेघ उठावी. पहिल्या एक-दोन दिवसांत आकसून बारीक भेगा येतात, त्या लाकडी गुरमाळ्याने दाबून घोटून मिटवायच्या. स्टीलची थापी फिरवू नका, वर चुन्याची साय येते आणि हवा आत जायचं थांबतं. चुना वाळून घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन होतो आणि त्याला ओलही लागते. म्हणून निदान दोन आठवडे ओलं गोणपाट टांगून ठेवायचं. सिमेंटला मारतात तसं नळीने पाणी मारलं तर चुनाच धुऊन जातो; फवारा पुरे. चुना आतपर्यंत पिकला का ते बघायचं असेल तर कोपऱ्यातून तुकडा तोडून ताज्या कडेवर फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाका. गुलाबी झाला तेवढा भाग अजून कच्चा आहे. बाहेरच्या भिंतीचं काम फेब्रुवारीपर्यंत संपवा. मार्चनंतरचं ऊन गोणपाटाला दाद देत नाही.

वर रंग चुन्याचाच, दुधाइतका पातळ, पाच-सहा हात, रंगासाठी गेरू किंवा पिवळी. एका जाड हातात काम उरकलं की पापुद्रा सुटतो. प्लास्टिक रंग दिला तर आतापर्यंतचं सगळं व्यर्थ.

विजेचं काम बाजूला ठेवलेलं असतं, ते नको. वाड्याला आगीचं भय मोठं. शनिवारवाडा १८२८ साली जळला, बुधवारवाडा १८७९ साली. सागवानाचा सांगाडा सुका असतो आणि पोकळ्या धूर वर खेचतात. वायरिंग धातूच्या नळीतून, भिंतीवरून दिसेल असं न्या. चुन्यात खाच पाडून नाही. प्रत्येक मजल्याला वेगळा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा खटका) आणि गळती ओळखणारा आरसीसीबी. घरात वेल्डिंग करू देऊ नका. पन्हळीचा पत्रा जोडायचा असेल तर तो अंगणात जोडून वर न्या, आणि ज्या दिवशी ज्योतीचं काम झालं त्या संध्याकाळी काही तास कुणीतरी थांबून वास घेत फिरावं.

काम संपलं की मालकाच्या हातात नकाशे, आम्लाच्या चाचणीची वही, वापरलेल्या चुन्याचं प्रमाण आणि रेतीचा नमुना असलेली बाटली द्यायची. वर्षाला दोन कामं त्याने करायची: मेमध्ये घर शाकारून पन्हळी साफ करणं आणि पावसाळ्यानंतर सुआ घेऊन पन्हळीखालची तुळई टोचून बघणं. उरलेला चुना फेकू नये. तो पिंपात, पाण्याखाली, झाकण लावून ठेवला की वर्षानुवर्षं टिकतो, आणि पुढच्या वर्षी हातभर गिलावा पडला तर त्याच भिंतीचा चुना हाताशी असतो.